एक ओळ, दोन कर्सर: ब्राउझरमध्ये मिळून लिहिणं चालतं कसं

बोरिवलीच्या एका सोसायटीची नोटीस लिहिली जाते आहे असं समजा. आत्तापर्यंत एकच ओळ झाली आहे: ‘सभा ५ वाजता’. सेक्रेटरी घरच्या लॅपटॉपवर ओळीच्या सुरुवातीला ‘उद्या’ घालून पुढे एक मोकळी जागा सोडतात. त्याच क्षणी चेअरमन बाई विरार लोकलमध्ये उभ्या राहून फोनवर ५ पुसतात आणि ६ करतात. दोघांनीही समोरच्याचा बदल अजून पाहिलेला नाही. शेवटी नोटिशीत ‘उद्या सभा ६ वाजता’ असं यायला हवं, हे आपल्याला विचार न करता कळतं. कॉम्प्युटरला ते का कळत नाही आणि कळावं म्हणून काय करावं लागलं, हे समजलं की ब्राउझरमधल्या सामायिक लेखनाचं बरंचसं कोडं सुटतं.

कॉम्प्युटर शब्द वाचत नाही, चिन्हं मोजतो. त्याच्या लेखी ‘सभा ५ वाजता’ म्हणजे स, भ, काना, मोकळी जागा, ५ आणि पुढचं बाकीचं. चेअरमन बाईंचा फोन सर्व्हरला, म्हणजे मजकूर सांभाळणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरला, कळवतो: पहिली ४ चिन्हं सोडा, पुढचं १ पुसा, तिथे ‘६’ ठेवा. सेक्रेटरींचा लॅपटॉप कळवतो: अगदी सुरुवातीला ६ चिन्हं घाला. ही सहा म्हणजे उ, द, पाय मोडल्याची खूण, य, काना आणि मोकळी जागा. जोडाक्षर डोळ्यांना एक दिसलं तरी आत त्याचे असे तुकडे असतात.

सर्व्हरने आधी सेक्रेटरींचा बदल केला आणि मग चेअरमन बाईंची सूचना जशीच्या तशी पाळली तर काय होईल? पहिली ४ चिन्हं सोडून पाचवं चिन्ह आता ‘५’ राहिलेलं नाही, तिथे ‘उद्या’चा काना आहे. तो पुसला जाईल आणि नोटीस होईल ‘उद्य६ सभा ५ वाजता’. दोघांनी बरोबर लिहिलं, इंटरनेट नीट चाललं, तरी मजकूर बिघडला.

उपाय असा: सूचना पाळण्याआधी ती बदलून घ्यायची. तुमच्या जागेच्या आधी कुणीतरी ६ चिन्हं घातली आहेत, म्हणून तुमचे ४ आता १० झाले. पहिली १० चिन्हं सोडून पुढचं पुसलं की नेमका ५ जातो. उलट बाजूला चेअरमन बाईंच्या फोनवर सेक्रेटरींची सूचना पोहोचते तेव्हा ती ओळीच्या सुरुवातीची असल्यामुळे तिच्यात काहीच बदलावं लागत नाही. दोन्ही पडद्यांवर शेवटी एकच ओळ येते. या पद्धतीला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये ती मांडली. त्या काळी वेब अजून लोकांपर्यंत पोहोचलंही नव्हतं.

बेरीज-वजाबाकीची ही कल्पना ऐकायला सोपी आहे, पण जोड्या खूप होतात. घालणं आणि घालणं, घालणं आणि पुसणं, पुसणं आणि पुसणं, त्यात ठळक करणं, परिच्छेद तोडणं, तक्त्यात रांग वाढवणं. प्रत्येक जोडीचा नियम आधी ठरवून ठेवावा लागतो. दोघांनी एकच शब्द पुसला तर दुसरी सूचना रद्द समजायची, नाहीतर शेजारचा शब्दही जाईल. दोघांनी एकाच जागी काही घातलं तर कुणाचं आधी, हे सगळ्या यंत्रांनी एकाच नियमाने ठरवायचं. कोणता नियम, याला फारसं महत्त्व नाही. तो सगळीकडे एक असणं महत्त्वाचं.

ही पद्धत एक गोष्ट मात्र करत नाही, आणि ती माहीत असायला हवी. सगळ्यांच्या पडद्यावर सारखाच मजकूर येईल एवढीच तिची हमी असते, मजकूर शहाणा असेल याची नाही. ओळीत चुकून ‘सभ’ पडलं आहे असं धरा. ते दोघांनी एकाच वेळी पाहिलं आणि दोघांनी काना दिला, तर सगळ्यांना एकसारखं ‘सभाा’ दिसेल. बहुतेक फॉन्टमध्ये दुसरा काना ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला दिसतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. दोघांनी एकाच चुकीवर एकदम हात घातला, एवढाच त्याचा अर्थ.

ब्राउझर लिहिण्यासाठी बनलाच नव्हता

एकाच मजकुरावर दोघांनी काम करण्याची कल्पना जुनी आहे. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरचा मजकूर हाताळून दाखवला होता. घराघरांतल्या कॉम्प्युटरवर आलेले वर्ड प्रोसेसर मात्र ‘एक यंत्र, एक माणूस, एक फाइल’ या गृहीतावर उभे राहिले. फाइल ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर असली तर पहिल्याने उघडली की ती दुसऱ्यासाठी कुलूपबंद. ईमेलने पाठवली तर जितके लोक तितक्या प्रती, आणि शेवटी कुणीतरी रात्री बसून त्या जुळवायच्या.

ब्राउझरची अडचण वेगळी होती. तो पानं दाखवण्यासाठी होता आणि लिहायला त्यात फॉर्ममधले चौकोन तेवढे होते. काही पाठवायचं तर बटण दाबा, अख्खं पान पुन्हा येईपर्यंत थांबा. दोन गोष्टींनी हे बदललं आणि दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून आल्या. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता पाठीमागून सर्व्हरशी बोलण्याची सोय आली. पुढच्या वर्षी ५.५ आवृत्तीत कन्टेन्ट-एडिटेबल नावाची खूण आली: ती लावली की पानाचा तो भाग थेट टाइप करण्याजोगा होतो. पाच वर्षं या सोयींकडे फार कुणाचं लक्ष नव्हतं. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स आल्यावर ब्राउझरमध्ये पूर्ण प्रोग्रॅम चालू शकतो हे लोकांना दिसलं.

२००५ मध्येच सॅम शिलेस, स्टीव्ह न्यूमन आणि क्लॉडिया कार्पेंटर या तिघांनी रायटली हे ब्राउझरमध्ये लिहिण्याचं साधन सुरू केलं. त्याच वर्षी आपल्याकडून झोहो रायटर आलं. ते काढणारी कंपनी तेव्हा अ‍ॅडव्हेंटनेट नावाने चालत होती. मार्च २००६ मध्ये गुगलने रायटली विकत घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये स्प्रेडशीटच्या जोडीने ते गुगल डॉक्स अँड स्प्रेडशीट्स म्हणून लोकांपुढे ठेवलं.

हे पहिले संपादक, म्हणजे लिहिण्याचे प्रोग्रॅम, कन्टेन्ट-एडिटेबलवर उभे होते आणि तिथेच त्यांचा पाय अडकला. एंटर दाबल्यावर इंटरनेट एक्सप्लोरर एक टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणारी आतली खूण, घालायचा, क्रोम आणि सफारी दुसरा, फायरफॉक्स तिसराच. पडद्यावर तिन्ही ठिकाणी नवी ओळच दिसे, आतली रचना मात्र वेगळी. ठळक अक्षरांचीही तीच गत. एकटा माणूस लिहीत असेल तर हे खपून जातं. दोघं वेगवेगळ्या ब्राउझरमधून लिहू लागले की सर्व्हरपुढे एकाच परिच्छेदाच्या दोन रचना येतात, आणि माणसाने खरोखर काय बदललं व ब्राउझरने स्वतःहून काय घातलं हे वेगळं काढता येत नाही. शिवाय सर्व्हर आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी ठेवून फरक शोधत असे. एकाने वाक्य ठळक केलं आणि दुसऱ्याने त्यातला एक शब्द बदलला, तर फरक पाहून कुणाचा हेतू काय होता हे कळायला मार्ग नव्हता.

मधल्या काळात नोव्हेंबर २००८ मध्ये इथरपॅड आलं. साधा मजकूर, सजावट जवळजवळ नाही, पण प्रत्येकाचं लेखन वेगळ्या रंगात आणि टाइप होता होता दिसणारं. कमी गोष्टी घेऊन त्या नीट करण्याचा हा मार्ग आमच्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणा होता. डिसेंबर २००९ मध्ये गुगलने ती कंपनी घेतली आणि त्याच महिन्यात इथरपॅडचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आजही तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो.

फाइल गेली, वही आली

२०१० मध्ये गुगलने डॉक्सचा संपादक नव्याने लिहिला. ब्राउझरची टाइप करण्याची सोय बाजूला ठेवली. कर्सर स्वतः काढायचा, ओळ कुठे मोडायची ते स्वतः मोजायचं, दाबलेली प्रत्येक कळ स्वतः पकडायची. त्याहून मोठा बदल साठवणीत झाला. तयार मजकूर ठेवून फरक शोधण्याऐवजी प्रत्येक बदल घडताच नोंदवला जाऊ लागला. तुम्ही पाहता तो मजकूर म्हणजे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंतची बेरीज. वाण्याच्या खतावणीसारखं: बाकी किती हे पानाच्या तळाशी दिसतं, पण खरा हिशोब वरच्या नोंदींत असतो.

आतला व्यवहार असा चालतो. तुमच्या ब्राउझरकडे चार गोष्टी असतात: सर्व्हरकडून आलेल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक, पाठवलेले पण पोच न आलेले बदल, केलेले पण अजून न पाठवलेले बदल, आणि डोळ्यांपुढचा मजकूर. बदलांचा एक गठ्ठा पाठवला की पोच येईपर्यंत दुसरा पाठवायचा नाही. तोवर टाइप केलेलं रांगेत थांबतं. दरम्यान दुसऱ्या कुणाचा बदल आला तर तो तुमच्या न पोहोचलेल्या बदलांशी जुळवून दाखवला जातो. सर्व्हर प्रत्येक गठ्ठ्याला पुढचा क्रमांक देतो. सगळे हिशोब सर्व्हरशीच जुळवायचे असल्यामुळे पन्नास जण लिहीत असले तरी प्रत्येकाला फक्त एकाशीच बोलावं लागतं. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेने १९९५ मध्ये ज्युपिटर या प्रकल्पात दाखवलेली ही युक्ती आहे.

वर ‘सेव्ह होत आहे’ असं दिसत असतं तेव्हा नेमकी हीच पोच बाकी असते. त्या क्षणी लॅपटॉप मिटला तर रांगेतली वाक्यं जाऊ शकतात. सेव्ह झाल्याची खूण येईपर्यंत दोन सेकंद थांबा.

पोचेची वाट न पाहता अक्षर तुमच्या पडद्यावर लगेच का उमटतं, यालाही कारण आहे. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर लागलेल्या समुद्री केबलमधून तिथे जाऊन परत यायला कितीही केलं तरी सुमारे ३९ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात जास्तच. अमेरिकेतला सर्व्हर असेल तर हा वेळ २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि प्रत्येक अक्षरामागे तो जाणवला असता. म्हणून आधी दाखवायचं, मग कळवायचं, चुकलं तर जुळवून घ्यायचं. तुम्ही जितके लांब तितकी जुळवणी जास्त, पण बोटांना ते कळत नाही. एका कळीमागे पाठवायचा मजकूर अगदी थोडा असतो. त्यामुळे बारीक लाइनवरही हे काम चालतं. अडतं ते तुटणाऱ्या लाइनवर.

कंट्रोल-झेडचंही गणित बदललं. एकट्याच्या फाइलमध्ये ते शेवटचा बदल मागे घेतं. सामायिक मजकुरात ते तुमचा शेवटचा बदल मागे घेतं, मधे इतरांनी काहीही केलं असलं तरी. दुसऱ्याने उडवलेला परिच्छेद कंट्रोल-झेडने परत येत नाही. त्यासाठी आवृत्त्यांचा इतिहास उघडावा लागतो: कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच.

मायक्रोसॉफ्टने ब्राउझरमधलं वर्ड २०१० मध्ये दिलं आणि टाइप होता होता दिसणारं सहलेखन २०१३ च्या नोव्हेंबरात. २०२१ मध्ये गुगलने आणखी एक पाऊल टाकलं: डॉक्सचं पान आता ब्राउझरचा मजकूर म्हणून नव्हे, तर कॅनव्हासवर चित्रासारखं काढलं जातं. पानातला मजकूर थेट वाचणारी अनेक एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, त्यामुळे अडली आणि त्यांना वेगळी वाट काढावी लागली.

पारसिकच्या बोगद्यात

कल्याणकडे जाणारी एक्स्प्रेस ठाण्यानंतर पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोनची रेंज जाते. तेवढ्यापुरतं काही बिघडत नाही: बदल रांगेत थांबतात आणि दिवा स्टेशनच्या अलीकडे रेंज आली की निघतात. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा असेल, तर मात्र आधीची तयारी लागते. नेट चालू असतानाच डॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइन चालू करा. लॅपटॉपवर क्रोम किंवा एज लागतो आणि गुगलचं ऑफलाइन एक्स्टेन्शनही. इनकॉग्निटो खिडकीत हे होत नाही. नेट गेल्यावर हे बटण शोधून उपयोग नाही.

तासन्‌तास ऑफलाइन लिहिलेलं परत जुळवताना मात्र वरची हमी आठवा. दोघांनी एकच परिच्छेद वेगवेगळा लिहून काढला तर दोन्ही लेखनं एकमेकांत विणून येतात आणि ते वाचवत नाही. ऑफलाइन जाणाऱ्याने नवा परिच्छेद लिहावा, जुना घासूनपुसून काढू नये.

लांबच्या ऑफलाइनसाठी जागेचा आकडा न वापरणारी दुसरी पद्धत आहे, सीआरडीटी. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी तिला हे नाव आणि नीट व्याख्या दिली. मुंबईत पत्ता सांगताना आपण ‘डावीकडून सतरावं घर’ म्हणत नाही, ‘पिठाच्या गिरणीच्या शेजारी’ म्हणतो. मधे दोन घरं नवी बांधली तरी पत्ता चुकत नाही. सीआरडीटीत प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख मिळते आणि नवं चिन्ह ‘अमक्याच्या नंतर’ असं नोंदवलं जातं. ‘उद्या’ आलं तरी ५ ची ओळख तीच राहते, म्हणून आकडे बदलावे लागत नाहीत आणि क्रम लावून देणारा मधला सर्व्हरही सक्तीचा राहत नाही. किंमत अशी की पुसलेल्या चिन्हाची खूण ठेवावी लागते; गिरणी पाडली तरी तिच्या नावाने पत्ते चालू असतात. वायजेएस आणि ऑटोमर्ज ही या पद्धतीची मोफत साधनं आहेत.

देवनागरीत अडतं कुठे

इंग्रजीत एक कळ म्हणजे सहसा एक चिन्ह. ‘स्त्री’ हे अक्षर एक दिसतं, आत ६ चिन्हं आहेत: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा ती खूण, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणून बॅकस्पेस बहुतेक वेळा अक्षराचा एकच तुकडा काढतो आणि डिलीट पूर्ण अक्षर. दुरुस्तीला अक्षर मोडण्यापेक्षा शब्द पूर्ण निवडून पुन्हा लिहिणं सोपं आणि सुरक्षित.

फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना शब्द अधोरेखित दिसतो, तोवर तो कीबोर्डच्या ताब्यात असतो, संपादकाच्या नाही. नेमक्या त्याच शब्दात दुसऱ्याचा बदल आला तर अक्षरं दुबार उमटणं किंवा कर्सर उडणं असे प्रकार होतात. एकाच ओळीत दोघांनी फोनवरून लिहू नये, एवढा उपाय पुरतो.

आणखी एक खास मराठी खोच. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडल्याची खूण येते, दुसऱ्यावरून साधा र, ती खूण आणि वर एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला तंतोतंत सारखं, पण शोधताना एक सापडतं तेव्हा दुसरं निसटतं. स्मरणिकेत दहा जणांचे लेख एकत्र आले की ‘शोधा आणि बदला’ करताना दोन्ही रूपं शोधावी लागतात.

ल आणि श यांची मराठी वळणं हवी असतील तर फॉन्ट तपासा. टिरो देवनागरी मराठी याच वळणांसाठी घडवला आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र थेट चिकटवू नका. त्यात देवनागरी साठवलेलीच नसते, रोमन आणि इतर चिन्हांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात. ब्राउझरमध्ये फॉन्ट उतरला की इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी चिन्हंच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वेबवरचा मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने चिकटवा, म्हणजे परका रंग आणि आकार सोबत येत नाही.

सोसायटीच्या आणि मंडळाच्या कामापुरतं

गुगल डॉक्सवर एका वेळी १०० टॅब किंवा उपकरणांवरून लिहिता येतं. त्यापुढचे फक्त वाचू शकतात. एका मजकुराची मर्यादा १० लाख २० हजार चिन्हं, आणि वर पाहिलंच की मराठीत चिन्हं अक्षरांपेक्षा जास्त भरतात. मोठी स्मरणिका असेल तर प्रत्येक विभाग वेगळा ठेवा. फोनवर उघडायलाही तो हलका पडतो.

सर्वांत जास्त घोळ परवानगीत होतो. लिंक मिळालेल्या कुणालाही लिहिता येईल असं करून ती ग्रुपवर टाकली की ती कुठे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. लिहिण्याचा हक्क तीन-चार जणांना नावाने द्या, बाकी सभासदांना फक्त टिप्पणीचा. कमिटीच्या आतही दुरुस्ती सुचवण्याच्या मोडमध्ये करा. ही सोय २०१४ पासून आहे आणि ठरावाच्या शब्दांवर वाद असतो तिथे तिच्यासारखं काही नाही. कोणता शब्द कुणी सुचवला आणि कुणी मान्य केला, हे मागाहून दाखवता येतं.

नोंदवहीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. लिहिण्याचा हक्क असलेल्या प्रत्येकाला जुन्या आवृत्त्या दिसतात. थकबाकीदारांची नावं मसुद्यात होती आणि नंतर काढली, तरी ती इतिहासात आहेत. बाहेरच्या कुणाला, उदाहरणार्थ बिल्डरला किंवा वकिलाला, लिहिण्याचा हक्क द्यायचा असेल तर आधी मजकुराची नवी प्रत काढा आणि ती द्या. प्रतीबरोबर जुना इतिहास जात नाही. टिप्पण्या जाऊ द्यायच्या की नाही हे प्रत काढताना विचारलं जातं, तिथली खूण बघून घ्या.

छापखान्यात जाण्याआधी आवृत्तीला नाव द्या, ‘प्रेस, पहिलं प्रूफ’ असं काही, आणि सगळ्यांचा लिहिण्याचा हक्क काढून घ्या. मग ऑपरेटरला विचारा की पान कशात लावणार. पेजमेकर असेल तर युनिकोड देवनागरी त्यात चालत नाही, मजकूर जुन्या फॉन्टमध्ये उलटा बदलावा लागेल. इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना ते पाहायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतील आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाईल. मजकुराबरोबर पीडीएफही द्या, आणि प्रूफ आल्यावर ती शेजारी ठेवून आधी हीच ठिकाणं तपासा: अर्धा र, ॲ आणि ऑ, क्ष आणि ज्ञ, रफार, अवतरणचिन्हं आणि आकडे.